सारखी वाटलेली माती

सन २०४१ची गोष्ट. पौष होता, आणि बोरवंडच्या ओढा कॉलनीतल्या सामाईक परसबागेत वांगी, मेथी, लाल माठ यांचा नुसता पूर आला होता. त्याच वर्षी नगरपालिकेने नियम केला होता, की जिथली भाजी माणसांच्या पोटात जाते तिथली माती मृदावाचकाने तपासलीच पाहिजे. मृदावाचक म्हणजे हातभर लांबीची पोलादी सुई. ती जमिनीत खुपसली, की मातीत मुरलेले जनुकांचे अंश वाचायची. तिथे कधी काय उगवलं, कुठले किडे नांदले, कुठली जनावरं बसली, सगळं सांगायची. आपल्या पत्रिकेपेक्षा मातीची पत्रिका खरी निघते, असं बायका हसून म्हणत.

सुई घेऊन आली होती तन्वी लोंढे, कृषी महाविद्यालयात शिकवणारी. तिच्यासोबत वाफ्यावाफ्याने फिरत होत्या प्रमिलाकाकू ढोबळे, बागेच्या अध्यक्ष. वय एकोणऐंशी, पण वाफ्यातलं तण त्यांना लांबून दिसायचं. त्यांचे दीर बापू शेडखाली पत्ते खेळत बसले होते.

चोविसावा वाफा झाला तशी तन्वीने पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले.

"काकू, इथं पूर्वी काय होतं?"

"काय असणार? ओढ्याकाठचं पडीक रान. बाभळी नि काटे."

"सगळ्या वाफ्यांत माणसांचे अंश आहेत. तेवीस जणांचे."

"ओढ्याला पूर यायचा गं. आलं असेल काही वाहून."

"जनुकांवर वयाच्या खुणा असतात, काकू. झाडाच्या खोडात वर्तुळं असतात ना, तशा. यांच्यात एकही वर्तुळ नाही. सगळी तान्ही आहेत. आणि मातीत मीठ आहे. ओढ्याकाठी इतकं मीठ कसं?"

प्रमिलाकाकूंच्या हातातली वांग्यांची टोपली हातातच राहिली. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात आणि वरून मीठ घालतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कुठे पुरलं, हे मात्र आईला सांगत नसत. सांगितलं तर ती रोज तिथे जाऊन बसेल, म्हणून. १९८४ साली त्यांची चार दिवसांची मुलगी गेली, तेव्हा सासूबाईंनी त्यांना भिंतीकडे तोंड करून झोपवलं होतं. मुलीला घेऊन गेले ते बापू. विचारलं तर सगळे एकच सांगत, विसरून जा.

त्या शेडपाशी गेल्या.

"भाऊजी, माझी मुलगी इथं ठेवलीत?"

बापूंनी पत्ते पालथे ठेवले. "वहिनी, आता इतक्या वर्षांनी…"

"इथं का?"

"इथंच. गल्लीतली सगळी इथंच. आईबापाच्या अंगात बळ नसायचं, मग मला हाक. बापू, जरा येतोस का? मी जायचो."

"नेमकं कुठं?"

"नाही आठवत. तुमची नेली त्या आठवड्यात आणखी दोन नेली होती. तिन्ही गाठोडी सारखीच."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. नऊ नंबरच्या वाफ्याची कालिंदी सुर्वे धावत आली. तन्वीने दोघींना नियम समजावून सांगितला. ओळख न पटलेले अंश अहवालात एका ओळीत जातात, पुढे काही होत नाही. एक जरी ओळख पटली, तरी जागा स्मशान ठरते आणि लागवड बंद. काकूंनी लाळ दिली तर सुई त्यांची मुलगी शोधेल, अगदी वाफ्याच्या नंबरासकट.

"काकू, सत्तावन्न वर्षं झाली हो," कालिंदी म्हणाली. "आता कळून काय करणार? आमची बाग जाईल."

"मला एकदा तिच्याजवळ उभं राहायचंय."

"अहो, उभ्या राहा ना! सगळी बाग तुमचीच आहे."

"सगळी नको. तिची जागा हवी."

काकूंनी लाळ दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तन्वी आली आणि काकूंच्या शेजारी कट्ट्यावर बसली.

"तुमची मुलगी सापडली, काकू."

"कितव्या वाफ्यात?"

"चोवीसही वाफ्यांत. थोडी थोडी. प्रत्येकात जवळजवळ सारखी."

"असं कसं होईल?"

तन्वीने पडद्यावरचे आकडे काकूंपुढे धरले. मग काकूंच्याच लक्षात आलं. २०३० साली बाग आखताना भांडण पेटलं होतं. पूर्वेच्या कोपऱ्यातली माती खारट, तिथला वाफा कुणालाच नको होता. तेव्हा काकूंनीच निवाडा केला होता, की ती माती खोलवर खणून काढा, चाळा, साऱ्या बागेच्या मातीत कालवा आणि घमेल्याने मोजून सगळ्यांना सारखी वाटा. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. दिवसभर उन्हात उभं राहून त्यांनी घमेली मोजली होती. त्या निवाड्याचं कॉलनीत अजून कौतुक व्हायचं.

बापू मागे येऊन उभे होते.

"भाऊजी, त्या दिवशी फावडं तुमच्या हातात होतं."

"होतं."

"एक शब्द बोलला नाहीत."

"कसा बोलणार, वहिनी? चोवीस घरं आनंदात होती. आणि दादा गेल्यापासून तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा हसलात."

काकूंना रडू आलं नाही. रागही आला नाही. जीभ भाजल्यावर घास नुसताच तोंडात फिरतो, तसे शब्द कानात फिरत राहिले. अकरा वर्षं त्यांनी या बागेची भाजी खाल्ली होती, घरोघरी वाटलीही होती. त्यांनी चष्मा पुसला आणि तन्वीला म्हणाल्या, "अहवालात लिही. ढोबळ्यांची मुलगी. ओळख पटली."

बागेला कुलूप लागलं. आदल्या दिवशी कालिंदीने नऊ नंबरची माती पोत्यांत भरून गच्चीवर नेली आणि तिथे मेथी लावली. ती कुणी खाल्ली नाही, असं नाही. पुढे नगरपालिका पेचात पडली, कारण सगळीकडे सारख्या पसरलेल्या स्मशानाला कुंपण कुठून घालायचं हे नियमात नव्हतं. वर्षाने फक्त फुलझाडं लावायला परवानगी मिळाली.

बापूंनी पत्ते सोडले. तन्वीजवळ बसून आठवतील तेवढ्या घरांची नावं सांगितली. सतरा आठवली. २०४३मध्ये ते गेले. प्रमिलाकाकू शहाऐंशी वर्षं जगल्या. रोज सकाळी बागेत जायच्या, पण कुठे थांबायच्या नाहीत, चालत राहायच्या. काय वाटतं, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, काही वाटत नाही.

तन्वीने भाज्यांचं काम सोडलं. आता गावोगावच्या म्हाताऱ्या तिच्याकडे लाळेच्या कुप्या घेऊन येतात. परवा एक हौसाबाई आल्या, वय एक्क्याण्णव. कुपी पुढे करून त्या म्हणाल्या, "बाई, माझ्याचं बारसं झालंच नव्हतं. सापडलं, तर त्याला हाक काय म्हणून मारू?"