पचेपर्यंत हलवू नये

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर टांगलेले आहे. त्यावर तांबड्या पेन्सिलीने खुणा करण्याचा परिपाठ मी नऊ वर्षे अखंड पाळला. फुली म्हणजे गेंडुकने खाल्ले. गोल म्हणजे विष्ठा झाली. आडवी रेघ म्हणजे कात टाकली. गेंडुक ही आमची अजगर मादी. आमच्या जावा बेटावर लहान मुलीला लाडाने गेंडुक म्हणतात. भातकापणीच्या वेळी विळ्याखाली येता येता वाचलेले ते हातभर पिल्लू माझ्या पत्नीने, वागियेमने, पदरात गुंडाळून घरी आणले. आम्हांस मूल नव्हते. नाव तिनेच ठेवले.

अजगर पाळणे हे वाटते तितके अवघड काम नव्हे, मात्र त्यात नियमाला फार महत्त्व आहे. पाणी रोज बदलावे. पिंजऱ्यात एका बाजूस दिवा सतत जळता ठेवावा, कारण अंगाला ऊब नसेल तर पोटातले अन्न पचण्याऐवजी कुजते. विष्ठा तीन आठवड्यांनी होते. तीत पिसे तशीच असतात आणि सोबत खडूसारखा पांढरा गोळा पडतो. तो पांढरा दिसला की प्रकृती उत्तम समजावी. सर्वांत मोठा नियम असा की, खाल्ल्यानंतर सात दिवस तिला उचलू नये, पचेपर्यंत हलवू नये. हलवल्यास सर्व उलटून पडते आणि त्यात जनावर दगावूही शकते.

खाणे मंगळवार-क्लिवोनला. आमच्याकडे सात वारांचा आठवडा आहे आणि पाच वारांचा बाजाराचा आठवडाही आहे. मंगळवार आणि बाजाराचा वार क्लिवोन यांची गाठ पस्तीस दिवसांतून एकदाच पडते. त्या दिवशी एक बदक.

"अजगरणीला बदक, आणि नवऱ्याला कालचं सोयाबीनचं तेंपे!" शेजारचा पाइमो कुंपणावरून ओरडायचा. "यान दादा, पुढच्या जन्मी साप हो बाबा!"

"तुझी बायको तुला तेंपे तरी देते का रे?" वागियेम आतून उत्तर द्यायची. त्या काळी तिचा आवाज रस्त्यापर्यंत जात असे.

गेल्या कोरड्या ऋतूत तिचे डावे अंग लुळे पडले. साखर कारखान्याची पहारेदारी सोडून मी घरी बसलो. तिची खाट तिच्याच हट्टाने पिंजऱ्याशेजारी मांडली. त्या दिवसापासून कॅलेंडरवर निळी पेन्सिल आली: येमने, म्हणजे वागियेमने, पेज घेतली की निळी फुली. तिला पुसणे, कुशीवर वळवणे, कपडे धुणे, पेज शिजवणे, आणि पुन्हा वळवणे. दुपारी बसल्या जागी माझे डोळे मिटत. पिंजऱ्यात पाणी बदलले की खाटेपाशी पाणी बदलायचे, एवढाच माझा दिवस उरला होता.

त्यानंतरच्या पहिल्या मंगळवार-क्लिवोनला येमने पेज नाकारली.

"पोट भरलंय, मास," ती म्हणाली. मास म्हणजे दादा. आमच्याकडे बायको नवऱ्याला असेच म्हणते.

"कशानं भरलं? सकाळपासून पाणी सोडून काही नाही."

"भरलंय म्हटलं ना. वळवू नका आता. जड वाटतं."

पुढचे अठरा दिवस तिने केवळ पाणी घेतले. निळ्या फुल्यांची रांग थांबली. मी भ्यालो आणि आरोग्य केंद्रातून सुहार्तीबाईंना बोलावून आणले. त्या परिचारिका, स्वभावाने कडक, हाताने मऊ. त्यांनी येमला झोळीत घालून तराजूवर धरले आणि नोंदवहीतला जुना आकडा पाहिला. नंतर माझ्याकडे पाहिले.

"अर्धा किलो वाढलंय. यान काका, खोटं कशाला सांगता? जेवत नाही म्हणे!"

"बाई, मी निळी खूण केल्याशिवाय—"

"तुमची खूण राहू द्या. तुम्ही झोपता किती, ते सांगा."

त्या म्हणाल्या ते मला पटले. दमलेल्या माणसाच्या हातून विस्मरण घडते. तथापि खातरजमा करून घ्यावी, असे मनाने घेतले. पुढच्या खाण्याच्या दिवशी येम झोपेत असताना मी गेंडुकला खांद्यावर घेऊन परसातल्या न्हाणीत नेले आणि बदकाऐवजी कोंबडी दिली. घशातला फुगवटा खाली सरकेपर्यंत थांबलो. पचनाचा नियम असल्याने तिला तिथेच ठेवले, दिवाही तिथेच लावला. दार बंद करून हातपाय धुऊन आत आलो.

येम जागी होती. जीभ टाळूला लावून पाहत होती.

"आज बदक नव्हतं," ती म्हणाली.

मी कॅलेंडरपाशी गेलो, तांबडी फुली केली आणि परत येऊन तिच्या पायांवर पांघरूण घातले. पाय उबदार होते. डावासुद्धा.

एकोणिसाव्या दिवशी न्हाणीत पांढरा गोळा पडला. त्याच दुपारी येमने भूक लागल्याचे सांगितले आणि दोन वाट्या पेज घेतली. त्यानंतर मी कोणाशी वाद घातला नाही. गेंडुक नीट जेवली तर येम जगते, एवढे मला पुरेसे होते. गेंडुकला पुन्हा खाटेशेजारी आणले आणि पुढच्या वेळी बाजारातले सर्वांत पुष्ट बदक निवडले.

नेमके त्याच मंगळवारी सुहार्तीबाई आल्या. येमला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलेच पाहिजे, असे त्यांनी बजावले. पिंजऱ्यात गेंडुकचा मधला भाग बदकाएवढा फुगला होता. येमचा उजवा हात स्वतःच्या पोटावर होता.

"नेऊ," मी म्हणालो, "पण आठवड्यानं. आज नको."

"आठवडा तर आठवडा. पण गाडी आली की कारणं सांगू नका."

पाइमोकडे छोटा ट्रक आहे. "एक आठवडा झाला की ये," असे मी त्याला कुंपणावरून सांगितले, आणि चूक तिथेच झाली. पाइमो जन्मभर बाजाराचा माल वाहणारा माणूस. बाजारकऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा. सहाव्या सकाळी त्याने दारात भोंगा वाजवला. मागच्या फळीवर गादी अंथरलेली होती आणि सुहार्तीबाई पुढे बसलेल्या होत्या.

"अरे, दोन दिवस बाकी आहेत," मी म्हणालो.

"क्लिवोन ते क्लिवोन, आठवडा झाला! आजपासून दुसरा लागला. चल, वहिनीला उचलू."

मी त्याला परत पाठवू शकत होतो. मला पूर्ण स्मरते की मी उंबऱ्यात उभा होतो आणि हे करणे मला शक्य होते. परंतु रात्रभर वळवावळवी करून माझे खांदे दुखत होते. पुन्हा समजावणे, पुन्हा बाईंचा राग, पुन्हा गाडी ठरवणे. दोन दिवसांनी असा काय फरक पडणार, असा विचार मी केला.

"मास, नका," येम म्हणाली. "अजून आत आहे."

"काय आत आहे, वहिनी? घाबरू नका, म्हशीसारखी सांभाळून नेतो!" पाइमो हसला. आम्ही तिला उचलले.

उसाच्या शेतांमधून रस्ता खराब होता. दुसऱ्या पुलाच्या खड्ड्यात ट्रक आदळला आणि येमने माझे मनगट धरले. तिचा गळा हलला. पोटापासून वरपर्यंत एक लाट आली.

मी तिला कुशीवर केले.

आधी पाणी आले. मग करड्या, ओल्या पिसांचा पुंजका. मग आणखी पिसे.

शेवटी एक पिवळे पाऊल आले. तिन्ही बोटांमध्ये पडदा होता.

सुहार्तीबाई उतरून मागे आल्या आणि फळी धरून उभ्या राहिल्या. पाइमोने भोंग्यावरचा हात काढला नाही. भोंगा वाजत राहिला.

"घरी," मी म्हणालो.

पाइमोने ट्रक मागे वळवला.

घरी गेंडुक दिव्याखाली वेटोळे घालून होती. मधला फुगवटा नव्हता. पिंजरा स्वच्छ होता. ना ओल, ना एक पीस.

उलटी झाल्यावर काय करावे, याचाही नियम आहे. पंधरा दिवस उपास, फक्त पाणी, ऊब, शांतता. नंतर आरंभी अगदी लहान भक्ष्य द्यावे. मी तो नियम दोघींसाठी पाळला. सुहार्तीबाई पुन्हा आल्या नाहीत. येमचा श्वास इतका सावकाश चाले की मी नाकापाशी हात धरून बसत असे. दहाव्या दिवशी तिचे डोळे दुधाळ निळसर झाले. गेंडुकचे डोळे कात टाकण्यापूर्वी तसे होतात. गेंडुकचे मात्र त्या वेळी स्वच्छ होते. तेराव्या दिवशी येमचे डोळे निवळले. चादर झटकताना पातळ, पारदर्शक काहीतरी अंगणात उडाले. मी ते उचलून पाहिले नाही.

सोळाव्या दिवशी बदकाचे एक लहान पिल्लू आणले. तो दिवस मंगळवार-क्लिवोनचा नव्हता. पिंजऱ्याचे दार उघडून ते आत सोडले.

गेंडुकने तोंड फिरवले. पिल्लूही तिला भ्याले नाही. ते चालत तिच्या पाण्यापाशी गेले, चोच बुडवली, पाणी प्यायले. मग एकाएकी ताठ झाले. ते गेंडुककडे पाहत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते.

मागे खाटेची दोरी करकरली. डावीकडची. चार महिने त्या बाजूस हालचाल नव्हती.

"मास," येम म्हणाली, "जरा जवळ आणा."

मी फार दमलो होतो. मी पिल्लू उचलले.

त्यानंतर कितीतरी वेळ मी कॅलेंडरपुढे उभा होतो. दोन्ही पेन्सिली हातात होत्या. फुली करायचीच होती. कोणत्या रंगाची, तेवढे ठरत नव्हते.