सातवी खूण

मूल गावच्या बसस्टँडमागे दिव्यानीचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की ती मोबाइलवरच्या खजिनाशोध स्पर्धेत रमायची. स्पर्धा तिनंच काढलेली. नकाशावर सात खुणा. खुणेपाशी पोचलं की फोनवर आकडा उमटायचा आणि पुढचं कोडं उघडायचं. सहा खुणा तिनं स्कूटीवर हिंडून, जागा डोळ्यांनी पाहून लावल्या. सातवीला मात्र कंटाळा केला. उपग्रहाच्या चित्रात जंगलातल्या पायवाटेशी एक गोल तपकिरी ढीग दिसला, तिनं खुर्चीतूनच त्यावर खूण टेकवली आणि कोडं लिहिलं: 'ढिगाच्या पोटात पाहा.' पोटात काहीही ठेवलेलं नव्हतं. ऐकायला बरं वाटतं म्हणून लिहिलेलं वाक्य, एवढंच.

रविवारी जेमतेम नऊ जण खेळायला आले. त्यातला एक तिचा थोरला भाऊ अजय. त्याला असल्या गोष्टींचा तिटकारा, पण बहिणीचं हसं होऊ नये म्हणून उतरला. साडेअकराला त्याचा निळा ठिपका सातव्या खुणेवर पोचला. आकडा उमटला. मग ठिपका हललाच नाही. बाकीचे आठ खेळ मधेच सोडून घरी जाऊन जेवले, एक वाजला, अजय फोन उचलेना. दिव्यानी उठली. तिनं दुकानाचं शटर ओढलं.

डांबरी रस्ता सोडला तसा मोहाचा गोड आंबूस वास नाकात बसला. पायवाटेच्या तोंडाशी पळसाखाली अजयची मोटरसायकल उभी होती, किल्ली लावलेली. पुढे तो ढीग. नुसत्या फांद्यांचा, पुरुषभर उंच. एका अंगानं उपसलेला.

मोहफुलांची टोपली घेऊन एक म्हातारी येत होती. तिनं वाटेकडेची एक फांदी मोडली आणि मान न वळवता ढिगावर टाकली.

"बाई, माह्या दादाले पाह्यलं का इथी?" दिव्यानीनं विचारलं.

"पाह्यलं. काड्या उपसून राह्यला होता. म्या म्हटलं, भाऊ, इथी टाकाचं असते, काढाचं नसते. वाघानं मानूस नेला त्या जागेवर येनारा-जानारा फांदी टाकते. माह्या आजीनंबी टाकली."

"मंग कुठी गेला तो?"

"त्यानं आयकलं नाई." म्हातारीनं टोपली डोक्यावर सारखी केली. "तू काढू नको. काढलं तं जागा रिकामी राहत नाई. एक टाक अन् घरी जाय."

ती भराभर निघून गेली. असल्या बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतली दिव्यानी नव्हती. तिनं अजयचा नंबर लावला.

घंटी ढिगातून वाजली.

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी उपसायला लागली. वरच्या फांद्या वाळक्या होत्या, हाताला बोचणाऱ्या. त्याखालच्या ओल्या निघाल्या. आणखी खाली गेली तर फांद्यांना कोवळी पानं होती, मोडल्या जागी चीक ताजा. असं उलटं कसं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो बाजूला सारला. दादा खाली होता. पाखरू बोलत नव्हतं. घंटी वाजत होती.

पानांमध्ये कुणाचा तरी हात लागला. उबदार.

तिनं जीव खाऊन ओढलं. अजय बाहेर आला, अंगावर साधा ओरखडाही नाही. दिव्यानीला रडू फुटलं. "दादा, माफ कर मले. इथी काईच ठेवलं नव्हतं मी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. उठला, गुडघे झटकले आणि वाटेला लागला.

तीही उठायला गेली. पाय उठले नाहीत. दुखत नव्हते, कशात अडकलेही नव्हते. तो जिथून निघाला, त्याच खळग्यात ती बसली होती.

"दादा."

तो पळसापाशी थांबला. तिच्या जिवात जीव आला.

त्यानं हात वर करून एक फांदी मोडली. मागे आला.

मान न वळवता त्यानं ती टाकली. ती तिच्या मांडीवर पडली.

मग मोटरसायकल सुरू झाली.