ईच अदरचं वाक्य

उत्तराची वही चंद्रभानच्या हाती पडली, ती तिच्या मैत्रिणीला, लतिकाला, ताप आला म्हणून!

धरमपेठेतल्या मनोहरराव सरांच्या इंग्रजीच्या क्लासात रिवाजच होता. वाक्य लिहिलं की वही शेजाऱ्याला द्यायची, आणि शेजाऱ्यानं उभं राहून ते मोठ्यानं वाचायचं. उत्तराच्या शेजारी बसायची ती लतिका. तिच्या भरवशावर उत्तरा वाट्टेल ते लिहायची. वाचताना लतिका सावरून घ्यायची. आज शेजारची जागा रिकामी आहे, हे ध्यानात येईतो सरांनी वही मुलांच्या बाकाकडे धाडलीसुद्धा.

"'ईच अदर' वापरून वाक्य करा. ईच अदर म्हणजे एकमेकांना," सरांनी मघाशीच बजावलं होतं. "'दे नो ईच अदर' म्हणायला एकट्यानं ओळखून भागत नाही. दोघांनीही ओळखायला पाहिजे!"

आणि उत्तरानं लिहिलं होतं— 'उत्तरा अँड चंद्रभान लव्ह ईच अदर.' सहा आठवड्यांत त्याच्या अकरा नजरा, दोनदा हसणं, एकदा सायकलची चेन बसवून देणं... एवढ्याशा जमेवर उत्तराबाईंनी त्याच्या वतीनंही सही ठोकली होती!

चंद्रभानच्या मागेच तिचा सख्खा भाऊ कृष्णकांत बसलेला. त्यानं हे ऐकलं की क्लास बंद, आणि अमरावतीच्या स्थळाला होकार.

चंद्रभान उभा राहिला. मनातल्या मनात वाचलं. कानापर्यंत लाल झाला.

"वाच ना गा! काहून थांबला?" कृष्णकांत हसला. "अक्षर लागून नाही राहिलं का?"

"लागून राहिलं ना..."

उत्तरानं ओढणी मुठीत आवळली.

"टू नेबर्स हेल्प ईच अदर," चंद्रभाननं वहीत बघून धडधडीत खोटं वाचलं.

"करेक्ट!" सर म्हणाले.

क्लास सुटल्यावर जिन्यात त्यानं वही पुढे केली. खाली कृष्णकांत सायकलचं कुलूप काढत होता.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"मग? मले न विचारता माझं नाव लिहिलं."

"खोडते मी—"

"खोडून तर पाहा!" तो हळूच म्हणाला. "आता मी वाचलं ना ते. खरं आहे."

तिला हसूही येईना. "रविवारी अमरावतीवाले पाहायला येऊन राहिले..."

दोन पायऱ्या उतरून त्यानं हाक दिली, "कृष्णकांत, थांब गा! शनिवारी तुझे बाबा घरी राहतीन का? मले भेटायचं आहे त्यायले."

कृष्णकांतनं हसतच वर पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे... हसू मावळलं.

उत्तराला वाटलं, उलट्या पावली वर पळावं. पण पाय एकेक पायरी उतरत चंद्रभानच्या शेजारी येऊन उभे राहिले.