ठसा जुळेना!

खोक्यातून नुकत्याच काढलेल्या कोऱ्या करकरीत संगणकात तीनशे सतरा विषाणू कुठून आले?

हा प्रश्न केतकीला पडायला हवा होता. पण त्या दुपारी तिला विचार करायची उसंतच नव्हती. साल २०४८. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या सागरकेंद्रातला जुना संगणक खाऱ्या हवेने सकाळीच बंद पडला होता. तिची आई, डॉ. सुमेधा, ‘शिंपली’ नावाच्या छोट्या पाणबुडीतून प्रवाळ पाहायला गेली होती आणि वारा अचानक फिरला होता. आई नेहमी कासवखडकाच्या पश्चिमेला वर येई. आज तिथे लाटा फुटत होत्या. तिला पूर्वेच्या आडोशाला यायला सांगायलाच हवं होतं. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लवकर विरतात, म्हणून शिंपलीशी बोलणं चाले ते आवाजाच्या ठोक्यांनी. शब्दांचे ठोके करणारा प्रोग्राम (संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच) नव्या संगणकात नव्हताच.

केतकीचे आजोबा, म्हणजे आबा, सागरध्वनीचे शास्त्रज्ञ. ते बाहेर पाण्यातल्या ध्वनिक्षेपकाची वायर तपासत होते. केतकीने नेटवर प्रोग्राम शोधायला सुरुवात केली, तोच पडद्यावर लाल चौकट उसळली: ‘तुमच्या संगणकात ३१७ विषाणू! मोफत रक्षक ताबडतोब घ्या!’

तिने बटण दाबलं. रक्षकाने मायक्रोफोन मागितला, सगळ्या फायली मागितल्या, आणि संगणकात आधीपासून असलेली सुरक्षा बंद करायची परवानगीही मागितली. केतकी ‘हो, हो, हो’ करत गेली.

आबा आत आले. पडदा पाहताच त्यांनी आधी संगणकाची नेटची वायर उपटली.

“अहो आबा, विषाणू आहेत त्यात!”

“तेच पान फ्रिजच्या पडद्यावर उघड बघू.”

“फ्रिजच्या?”

“उघड तर.”

फ्रिजवरही तेच: ‘तुमच्या संगणकात ३१७ विषाणू!’ आत तर नुसतं ताक आणि सुरमई होती.

“म्हणजे त्यांनी काही तपासलंच नाही! हे नुसतं चित्र आहे!” केतकी ओरडली.

“घाबरलेला माणूस पटकन बटण दाबतो, बाळा. आणि राखणदार म्हणून आलेला आधी दाराचं कुलूपच काढायला लावतो, तेव्हा तो कोण असेल?”

केतकीचा चेहरा उतरला. “आता काय करायचं?”

“सगळं पुसून संगणकाची मूळ प्रणाली (संगणक चालवणारा मुख्य प्रोग्राम) पुन्हा बसवायची. तिच्यातली सुरक्षा आपल्याला पुरते. ती फक्त बंद करायची नाही.”

पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. केतकी खिडकीशी जाई, समुद्र पाही, परत येई.

“मग मोफत काही घ्यायचंच नाही का?”

“घ्यायचं की! ‘सागरबोली’ हा आपला ठोक्यांचा प्रोग्रामही मोफतच आहे. शिवाय तो मुक्तही आहे. मोफत म्हणजे दाम नाही. मुक्त म्हणजे त्याची मूळ संहिता (प्रोग्राम ज्या सूचनांनी बनतो तो मजकूर) सगळ्यांना वाचायला खुली. शेजारणीने झाकलेला डबा दिला, तर आत काय घातलंय कळत नाही. सोबत कृतीही दिली, तर कुणीही वाचून चूक दाखवू शकतं.”

“मुक्त असलं की झालं?”

“नाही. कृती उत्तम, पण डबाच वाटेत कुणी बदलला तर? म्हणून ठसा बघायचा. फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावर गणित करून संगणक अक्षरं-आकड्यांची एक लांब खूण काढतो, तो ठसा. एक स्वल्पविराम बदलला, तरी ठसा पार बदलतो. बनवणारे आपल्या पानावर खरा ठसा छापतात. दोन्ही जुळले पाहिजेत.”

प्रणाली बसली, तेव्हा खडकावर पांढरा फेस उंच उडत होता. आबांनी नेटची वायर पुन्हा जोडली आणि शोधात सगळ्यात आधी दिसलेल्या पानावरूनच घाईघाईने सागरबोली उतरवून घेतली. केतकीने ठसा काढला आणि बनवणाऱ्यांच्या पानावरच्या ठशाशेजारी ठेवला. इथे सुरुवात नऊने, तिथे चारने. पुढचंही काही जुळेना.

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “असू दे. बसव. सुमेधा आता वर यायला निघेल.”

केतकीचं बोट बटणावर गेलं. तिलाही आई हवी होती, आत्ताच्या आत्ता. पण बोट तिथेच थांबलं.

“नाही आबा. यात कुणी काय घातलंय आपल्याला ठाऊक नाही. आईला भलतीच दिशा गेली तर?” तिने ती फाइल पुसून टाकली. “खरा ठसा ज्या पानावर आहे, तिथूनच घेऊ.”

फाइल पुन्हा उतरू लागली. ती उतरताच केतकीने ठसा काढून त्याचं एकेक अक्षर बोटाने दाखवत मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत जुळलं! सागरबोलीने फक्त ध्वनिक्षेपक आणि मायक्रोफोन मागितला.

“याचं कामच ते आहे,” म्हणत केतकीने परवानगी दिली आणि भराभर टंकलं: ‘आई, पूर्वेला ये. पश्चिमेला लाटा आहेत.’

उत्तर नाही. नुसती समुद्राची खरखर. तिने पुन्हा पाठवलं. मग दुरून ठोके आले, टक् टक्टक्, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘ऐकलं. पूर्वेला वळते. केतू, जेवलीस का?’

आबा मटकन खुर्चीत बसले. केतकीला हसू आणि रडू एकदमच आलं.

संध्याकाळी आई केंद्रात शिरली, तेव्हा केतकी सागरबोलीची संहिता उघडून बसली होती. त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ती ओळींमागून ओळी वाचत होती.

“आई, आपल्या गावच्या होड्यांना यातून मालवणीत हाक मारता येईल?”

“अजून तरी कुणी तसं लिहिलेलं नाही.”

“पण लिहिता येईल ना?”

आईने ओले केस पुसत खुर्ची ओढली. “सरक जरा. दाखव, कुठपर्यंत आलीस?”