अकरावं कलम

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात मी रेडिओलॉजिस्ट आहे. सात वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर गेल्या मार्चमध्ये आम्ही नॉकरेलन पार्कमधलं सात नंबरचं घर घेतलं. गावाबाहेर चौदा घरांची शांत रांग, १९३६ साली एकाच बिल्डरनं बांधलेली. लाल विटा, पुढे गोलसर खिडकीची बैठकीची खोली, वर तीन बेडरूम. ढग नसतील तेव्हा वरून बेनबुल्बिनचा सपाट डोंगर दिसायचा. माझी बायको अस्मिता एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करते. तिनं टेबलासाठी ती गोलसर खिडकी धरली. आमची आठ वर्षांची रेवा मागच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडावर खूश होती.

कागद आमची सॉलिसिटर नोरीन हिनं पाहिले. सहीच्या दिवशी तिनं मूळ खरेदीखत माझ्यापुढे सरकवलं आणि जरा ओशाळून म्हणाली, "अकरावं कलम एकदा वाचा. मला दाखवावंच लागतं."

टाइपरायटरची फिकट अक्षरं होती. या घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणीही राहू नये. अपवाद फक्त घरच्या नोकरांचा. त्यांनी स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपावं. पुढच्या प्रत्येक मालकावर हे बंधन राहील.

"छत्तीस साली स्लायगोत आमच्यासारखे होते तरी किती?" मी विचारलं.

"कुणी नसेलच. बिल्डर बरीच वर्षं परदेशात होता, तिकडून शिकून आला असेल. मनावर घेऊ नका, आज कुठलंही कोर्ट याच्याकडे बघणार नाही."

मी हसलो आणि सही केली. घरी आल्यावर अस्मिताला सांगितलं, ती हसली नाही.

"सही केलीस तू त्याच्यावर?"

"घरावर केली. त्या ओळीवर नाही."

"कागद तर एकच होता ना?"

पहिली तक्रार पुढच्या दाराची. आठवड्याभरात ते अडकायला लागलं. किल्ली फिरायची, पण खांदा लावला तरी दार हलायचं नाही. जुनं लाकूड, ओली हवा. मी सुतार बोलावला. त्यानं एका हातानं दार तीनदा उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "ग्रँड आहे की." तो गेल्यावर मी प्रयत्न केला, नाही उघडलं. शेजारच्या मिसेस फीनी केक घेऊन आल्या, त्यांनी नुसतं बोट लावलं आणि त्या आत आल्या. मग आम्हीच मागच्या दारानं ये-जा करू लागलो. गाडी तिकडेच लागते, सोयीचंच आहे, असं मीच म्हणालो होतो.

मग वरची बेडरूम. तिथे गारठा असायचा. थर्मामीटर एकोणीस अंश दाखवायचा, दमटपणाही बेताचा, पण तिघांनाही झोप लागेना. स्वयंपाकघरामागे बॉयलरला लागून एक अरुंद खोली होती. एकदा रेवाला ताप होता म्हणून आम्ही गाद्या तिथे नेल्या. तिघंही गाढ झोपलो. गाद्या पुन्हा वर गेल्या नाहीत. अस्मिताचा लॅपटॉपही खाली आला, ओट्यावर. ती उभ्यानं काम करायची.

"खुर्ची घे की," मी म्हणायचो.

"असू दे. असंच बरं वाटतं."

मेच्या शेवटी एका रविवारी दुपारी आम्ही हॉस्पिटलातल्या लोकांना जेवायला बोलावलं. मजा आली. पुढच्या आठवड्यात एका सहकाऱ्यानं फोटो पाठवले, एकतीस. फोटो नीट बघायची मला धंद्यामुळे सवय आहे. चौथ्या-पाचव्या फोटोला काहीतरी खटकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बैठकीच्या खोलीत सगळे सोफ्यावर, खुर्च्यांवर, कुणी गालिच्यावर. आम्ही तिघं एकाही फोटोत बसलेलो नव्हतो. अस्मिता भिंतीला टेकून उभी, हात पुढे जुळवलेले. मी दारापाशी, हातात ट्रे. रेवा सगळ्यात मागे.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम सोफ्यावर जाऊन बसलो. काही झालं नाही. फक्त कुणाच्या तरी घरात न विचारता बसल्यासारखं वाटत राहिलं. चार मिनिटांनी मी उठलो आणि उशी होती तशी नीट लावून ठेवली. उशी लावली होती, हे स्वयंपाकघरात आल्यावर लक्षात आलं.

अस्मिताला फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे मी नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे मीच आहे. पण अशी कधी उभी राहते मी?"

"घर विकूया?"

"रेवाला सगळ्यात मागे कुणी उभं केलं, रणजित? तू केलंस?"

मी नव्हतं केलं.

नंतरच्या शनिवारी भर दुपारी पुढची बेल वाजली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. मी हात पुसेपर्यंत रेवा धावत गेली. दार उघडल्याचा आवाज आला.

ते दार आमच्यातल्या कुणालाही तीन महिन्यांत उघडता आलं नव्हतं.

मिसेस फीनींचा आवाज आला, "आई आहे का गं घरात?"

आणि रेवाचा, हळू, स्वच्छ इंग्रजीत: "घरचे सगळे बाहेर गेलेत, मॅम. मी निरोप देईन."

मी पॅसेजमध्ये पोचलो तेव्हा दार मिटलेलं होतं. रेवा चटईच्या बाजूला उभी होती.

"घरचे म्हणजे कोण गं?"

"द फॅमिली, बाबा."

"आणि आपण?"

तिनं विचार केला. शाळेत अवघड प्रश्न आला की करते तसा, कपाळाला आठी घालून.

अस्मितानं तिला कडेवर घेतलं. आठ वर्षांच्या मुलीला. तशीच तिला घेऊन मागच्या दारानं गाडीत जाऊन बसली आणि म्हणाली, "मी परत आत येणार नाही."

सोमवारी मी नोरीनकडे गेलो. ते कलम रद्द करून द्या म्हटलं. तिनं आठवडाभर शोध घेतला. बिल्डरच्या ज्या कंपनीसाठी ती अट घातली होती ती साठ वर्षांपूर्वीच बंद झालेली, वारस कुणी नाही.

"तुम्हाला मोकळं करणारं आता कुणी उरलेलंच नाही," ती म्हणाली. "पण खरं सांगते, तुम्ही बांधलेलेही नाही आहात."

आम्ही हॉस्पिटलजवळ पुन्हा फ्लॅट घेतला. अस्मिता खुर्चीत बसून काम करू लागली. रेवा एक दिवस टीव्हीसमोर सोफ्यावर पाय पसरून झोपली, तर आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. घराला लगेच गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ईमर नावाच्या एका शिक्षिकेला आणि तिच्या नवऱ्याला भाड्यानं दिलं. लोक चांगले होते. दाराची काही तक्रार नव्हती.

ऑक्टोबरच्या सुट्टीत, सकाळी अकराच्या सुमारास ईमरचा फोन आला. रेवा माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती.

"घर मस्तच आहे, रणजित. फक्त एक सांगायचं होतं," ईमर म्हणाली. "तुमच्या मिसेसना सांगाल का, रोज येऊन आवरायची खरंच गरज नाही? सकाळी उठतो तो शेकोटी पेटलेली, चहा तयार. आम्हाला फार संकोच वाटतो."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. अस्मिता फोनवर मीटिंगमध्ये होती. रोज सकाळी ती इथेच, माझ्यासमोर उठत होती.

"आणि मुलगी किती गोड आहे! पण एवढ्या लहान मुलीकडून काम... मी तिला नाव विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला बरं वाटेल ते ठेवा. म्हणून आम्ही आपलं मेरी म्हणतो. चालेल ना?"

समोर रेवा पुढचं गणित उतरवून घेत होती.

"थांबा हं, इथेच आहे ती," ईमर म्हणाली, आणि फोन जरा लांब धरून तिनं हाक मारली, "मेरी!"

फोन माझ्या कानाशी घट्ट होता, स्पीकर बंद होता.

रेवानं पेन्सिल खाली ठेवली आणि उठून उभी राहिली.