तेरावा महिना

एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, काखेत बोचकं... येसूबाई तशीच थबकली, कारण थोरली सून भागुबाई चुलीपुढून उठलीच नाही.

"आत्याबाई, आमची पाळी वैशाखाची. हा तर अधिक वैशाख. धोंड्याचा महिना कुणाच्या वाटणीत आला व्हता?"

वाटणीत पंचांनी जमीन तोडली, बैल तोडले, भांडी तोडली आणि शेवटी आईही महिन्यांवर तोडली होती. एक महिना टाकव्याला थोरल्या कान्हूकडे, एक लोणावळ्याला रेल्वेतल्या गोविंदाकडे. अमावस्या आली की बोचकं हलायचं. पण मधूनच तेरावा महिना उगवतो, हे त्या शहाण्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं! गोविंदाची बायको चैत्र सरताच मोकळी झाली होती.

"गोविंदाकडं जा आई. म्होरला महिना आमचा," बैलाचं दावं उगाच सोडवत कान्हू म्हणाला.

येसूबाईला रडू आलं नाही, लाज वाटली. आपण उरलो याची नव्हे... आपल्याच पोटी हे निपजलं याची.

लोणावळ्याला ती गेलीच नाही. वाटेतल्या भाजे गावी, महादेवाच्या देवळात तिनं बोचकं टेकवलं.

"मावशी, पोरंबाळं न्हाईत का?" पाण्याला आलेल्या सरूबाईनं विचारलं.

"हायेत की, दोन वाघ. म्या अधिकाचं वरत धरलंय. सपनात महादेव आला, नंदीला म्हनला, सर बाजूला, येसूला बसू दे."

खोट्याला पाय नसतात म्हणे. येसूबाईच्या खोट्याला चाकं होती. वार्ता इंद्रायणी ओलांडेपर्यंत तर उंबराचं झाड लवून आजीच्या ओटीत फळं टाकू लागलं, भाकड म्हशी पान्हावल्या, आणि आजीला धोंडा खाऊ घातला की सालभरात पाळणा हलणार, असंही ठरून गेलं.

पाळणा... भागुबाईच्या लेकीची कूस अजून उजवली नव्हती. तिनं पुरणाचे धोंडे केले आणि कान्हूला जावयासोबत, दत्तोबासोबत, भाज्याला पिटाळलं.

बायांच्या गर्दीत, कपाळावर पदर ओढून बसलेल्या आजीच्या पायांवर कान्हूनं डोकं ठेवलं. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. लहानपणी त्याच्याच हातून पडलेल्या फाळानं ते गेलं होतं.

त्याला डोकं वर उचलवेना.

"आजी?" दत्तोबा चक्रावला. "तुमी तर लोणावळ्याला व्हता ना?"

"माज्या कान्हूनंच बसीवलंय मला वरताला," येसूबाई झटकन म्हणाली. "समदा खर्च त्याचा. असा ल्योक मिळाय पुण्य लागतं."

बाया कौतुकानं कान्हूकडे बघू लागल्या. त्या नजरा त्याला इंगळ्यांसारख्या डसल्या.

"खोटं हाय," तो भुईकडे बघत म्हणाला. "वरत न्हाई नि काय न्हाई. तेरावा महिना कुणालाच नको व्हता. म्याच दारातनं माघारी धाडली."

सरूबाईनं हातातला तांब्या हळूच खाली ठेवला. येसूबाईची मान खाली गेली. इतके दिवस पदराखाली झाकलेलं पोरानं चव्हाट्यावर मांडलं होतं.

"घरला चल आई. आता पाळी न्हाई."

"बोचकं दे. मला सवय हाय त्याची."

त्यानं दिलं नाही. डोक्यावर घेतलं आणि भर उन्हात टाकव्याची वाट धरली. वाटेत जो भेटेल तो विचारी, कान्हूभाऊ, हे काय? आणि कान्हू सांगे, आई हाय, म्या हाकलली व्हती.

"गप रं," मागून येसूबाई पुटपुटे, "एवडं समद्यास्नी सांगू ने."

शिवेवर ती थांबली. घामेजलेल्या लेकाला पदरानं वारा घालत हळूच म्हणाली,

"भागूला म्हण, म्हादेवानं धाडली. न्हायतर तिला बिचारीला लाज वाटंल."

कान्हूची मान वर झालीच नाही.