चार खरी शून्यं

एक कोडं घालते. सकाळी उठल्या उठल्या फटाफट सात शिंका देणारी मुलगी नोंदवहीत मात्र रोज शून्य का लिहायला लावत असेल?

मुलीचं नाव कस्तुरी, वय दहा, राहणार वेंगुर्ला, साल २०५१. तिथले केळुसकर आजोबा मुलांच्या अ‍ॅलर्जीवर (निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजून शरीर उगाच लढायला उठतं, ती अ‍ॅलर्जी) संशोधन करत होते. चाळीस मुलांनी महिनाभर रोज शिंका मोजायच्या, आजूबाजूला काय काय होतं तेही सांगायचं. नोंदी घ्यायला घरोघरी नोंद्या नावाचा बुटका यंत्रमानव यायचा.

"आज किती?" नोंद्या विचारायचा.

"शून्य!" कस्तुरी नाक पुसत म्हणायची.

"नाक लाल आहे."

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. सांगाल ते मी लिहितो."

आता खरं कारण ऐका. आईनं बजावलं होतं, "शिंका थांबल्या नाहीत, तर मांजर मावशीकडे!" आणि भोपळी, म्हणजे ती पिवळी मांजर, कस्तुरीचा जीव की प्राण! पण पोरीला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. खरे आकडे ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचीच.

महिना संपला. आजोबांनी नोंदी पाहिल्या आणि खूश झाले. "वा! घरात मांजर, तरी एक शिंक नाही! आता मांजर मागणाऱ्या त्या छोट्या गौरांगलाही सांगतो, खुशाल मांजर पाळ."

गौरांगला धाप लागली की तो कसा कासावीस होतो, हे कस्तुरीनं पाहिलं होतं. तिनं गणिताची वही पुढे केली आणि तिला रडूच फुटलं. "आजोबा, मी खोटं सांगितलं. आता भोपळी जाणार ना?"

आजोबा रागावले नाहीत असं नाही. "अगं, सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं!" मग चष्मा सारखा करून ते पान वाचू लागले. सात, आठ, सहा, सात... आणि मध्येच चार शून्यं.

"हीपण खोटी?"

"नाही हो! तेव्हा बेळगावचे पाहुणे आले होते. माझी कापसाची गादी त्यांना बाहेरच्या खोलीत घातली. मी माझ्या खोलीत चटईवर झोपले."

"आणि भोपळी?"

"माझ्या कुशीतच की!"

आजोबा ताडकन उठले. "खोली तीच, मांजर तीच, तू तीच. मग बदललं काय?"

"गादी!"

"जुन्या गादीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, त्यांनीही शिंका येतात. पण एकदाच घडलं तो योगायोगही असेल. पुन्हा करून बघू. चार रात्री गादी, चार रात्री चटई. आणि नोंदवहीतले खोटे आकडे पुसायचे नाहीत हं. एक रेघ मारायची, शेजारी खरा आकडा, खाली सही."

कस्तुरीनं सव्वीस रेघा मारल्या, सव्वीस सह्या केल्या. मग पुन्हा मोजलं. गादीवर सहा-सात, चटईवर शून्य!

भोपळीला वाचवायला ती खोटं बोलली, आणि भोपळीच्या बाजूची साक्षच खोट्या शून्यांच्या गर्दीत दडवून बसली होती. आईनं गादीला घट्ट विणीची खोळ घातली, भोपळीला वाटीभर दूध दिलं. आजोबा आता गौरांगच्या घरची गादी तपासायला निघाले होते.

संध्याकाळी नोंद्या आला. "आज किती?"

"एक," कस्तुरी म्हणाली. "आईनं मिरचीची फोडणी दिली तेव्हा. तेही लिही."